वरसईचा भटजी आणि परतीचं तिकीट

शंकेखोर: तुझी साहसाच्या पुस्तकांची यादी मी वाचली. एव्हरेस्ट, अन्नपूर्णा, दक्षिण ध्रुव, एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा. माझी पहिलीच हरकत अशी की यातल्या बहुतेकांना कुणी जायला सांगितलं नव्हतं. घरी सगळं बरं चाललेलं असताना ही माणसं मुद्दाम बर्फात गेली, पायाची बोटं गमावून परत आली आणि पुस्तकं लिहून मोकळी झाली. विठ्ठलवाडीतल्या माणसाने ते का वाचावं? सकाळी कर्जतकडून भरून येणाऱ्या लोकलच्या दारात एक पाय टेकवून जो मुंबई गाठतो, त्याला जोखीम पुस्तकातून शिकावी लागत नाही. आणि प्रवासच हवा असेल तर उल्हासनगरात जा. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली लाखाच्या घरातली माणसं इथल्या लष्करी छावणीत आणून उतरवली. बराकींचे पाच कॅम्प झाले, १९४९ साली त्यांना शहर म्हणून नाव मिळालं, आणि अजूनही लोक पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर सांगतात. घर, दुकान, शेत मागे टाकून यातली कितीतरी जणं कराचीहून बोटीत चढली. त्यांना कुठल्या ग्रंथालयात साहसाच्या कपाटात जागा आहे? ज्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं त्याचं ते साहस, ज्याच्या खिशात नसतं त्याचे नुसते हाल. तुझं कपाट सुखवस्तू माणसांचं आहे.

वाचनवेडा: तू यादीचा वरचा अर्धा भाग वाचून उठलास. खाली वरसईच्या एका भटजीचं नाव आहे, आणि तुझी हरकत खरी की खोटी ते त्याच्यावर घासून बघू. विष्णुभट गोडसे. पेणजवळचं वरसई हे गाव, घर भिक्षुकीचं, डोक्यावर कर्ज. १८५७ सालच्या सुरुवातीला कानावर येतं की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा दांडगी आहे. झालं, काका-पुतणे निघाले. इतिहास बघायला कुणी निघालं नव्हतं, चार पैसे मिळवून कर्ज फेडायचं आणि जमलं तर काशीयात्रा पदरात पाडून घ्यायची, एवढाच बेत. महूच्या आसपास पोचतात तोच शिपायांचा उठाव सुरू होतो. शहाणा माणूस मागे फिरला असता, हे दोघे पुढे जातात. झाशीत राणीच्या आश्रयाला असताना शहराला वेढा पडतो. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज आत शिरते तेव्हा हा माणूस तिथेच लपून बसलेला आहे.

आता ‘माझा प्रवास’मध्ये तो काय लिहितो ते बघ. तोफा आहेत, प्रेतं आहेत, पण लुटीचा क्रमही आहे: आधी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे आणि धान्य. ज्याने आयुष्यभर यजमानाच्या घरातल्या वस्तूंकडे दक्षिणेच्या नजरेने पाहिलं, त्यालाच हा क्रम दिसतो. सेनापतीला दिसला नसता, इतिहासकाराला सुचला नसता. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्याला तहानलेली राणी भेटते आणि तिथेही त्याची नजर पाण्यावर आहे, पाणी कुणी कसं काढलं यावर आहे. साठवलेली दक्षिणा लुटीत गेली. अडीच-तीन वर्षांनी तो घरी परतला तो आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. याच्या खिशात कुठलं तिकीट होतं, सांग.

शंकेखोर: परत आला ना? तेच तिकीट. झाशीच्या गल्लीत जे मेले त्यांच्यापैकी कुणाचं ‘माझा प्रवास’ आपल्याकडे नाही. पण ते राहू दे, तू मला माझ्याच अंगणात आणून सोडलंयस. हे पुस्तक छापलं कुणी? आपल्या शेजारच्या कल्याणच्या चिंतामणराव वैद्यांनी. त्यांच्याच आग्रहावरून भटजींनी १८८३च्या सुमाराला, म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांनी, आठवणीतून हे लिहून काढलं. वैद्यांनी ते हाती ठेवलं, इंग्रज सरकारचा धाक होता, आणि १९०७ साली छापलं ते भाषा नीटनेटकी करून, काटछाट करून. मूळ बाड जसंच्या तसं लोकांना वाचायला मिळालं १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांनी काढलं तेव्हा. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं मराठी माणूस सत्य हकीकत म्हणून जे वाचत होता ते वैद्यांच्या इस्त्रीखालून गेलेलं होतं. वैद्य थोर माणूस, महाभारताचे मोठे अभ्यासक, त्याबद्दल वाद नाही. पण तेच वैद्य ‘दुर्दैवी रंगू’ ही कादंबरीही लिहितात, हे विसरू नकोस. साहसकथेच्या पुठ्ठ्यावर ‘सत्य’ असं छापलेलं असतं ना, मला ते तपासून बघावंसं वाटतं.

आणि हे फक्त आपल्याकडचं समजू नकोस. तुझ्या यादीत मॉरिस हर्झोगचं ‘अन्नपूर्णा’ आहे. ३ जून १९५० ला हर्झोग आणि लुई लाशनाल शिखरावर पोचले, आठ हजार मीटरवरचं माणसाने चढलेलं ते पहिलं शिखर. मोहिमेला निघण्यापूर्वी सगळ्यांकडून करार करून घेतला होता की पाच वर्षं दुसऱ्या कुणी काही छापायचं नाही. म्हणून हर्झोग बोलला तेच सत्य झालं. लाशनाल १९५५ साली हिमदरीत पडून गेला. त्याच्या टिपणांचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं, त्याचं संपादन केलं हर्झोगच्या सख्ख्या भावाने! अडचणीचं ते सगळं गाळलं. मूळ टिपणं लोकांसमोर यायला १९९६ उजाडलं. त्यात लाशनालचं म्हणणं असं की त्याला शिखराची ओढ नव्हती, पाय गोठतायत हे कळत होतं, पण एकटा सोडला तर हर्झोग परत येणार नाही म्हणून तो वर गेला. हर्झोगच्या पुस्तकात जो क्षण दिव्य आनंदाचा आहे, तो दुसऱ्याच्या वहीत कामगिरी पार पाडल्याचा आहे. आता मी कुणाचं खरं धरू?

वाचनवेडा: कुणाचंच एकट्याचं नको. पण तू आत्ता जे केलंस ते कादंबरीबद्दल करता आलं असतं का? गो. नी. दांडेकर नर्मदेच्या काठाने खरोखर हिंडले, आणि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली ती कादंबरी म्हणून. तिच्यातलं एखादं माणूस तसं नव्हतंच असं तू उठून म्हणालास तर दांडेकर हसले असते. विष्णुभटाला मात्र तू म्हणू शकतोस, इथे तू ऐकीव सांगतोयस, तिथे तुझी तारीख चुकली. हर्झोगला लाशनाल म्हणू शकतो, तेही मेल्यानंतर चाळीस वर्षांनी. १९९६च्या एव्हरेस्टवरच्या वादळावर जॉन क्राकाउरने ‘इन्टू थिन एअर’ लिहिलं, त्यात ज्याच्यावर बोट ठेवलं त्या अनातोली बुक्रीवने ते निघालं त्याच वर्षी आपलं पुस्तक काढून उत्तर दिलं. माझ्या लेखी सत्य साहसकथेची खूण हीच. तिच्यातलं सगळं खरं असतंच असं मी म्हणत नाही. ‘असं घडलं नाही’ म्हणून उभं राहायचा हक्क कुणाला तरी असतो, एवढंच. लेखक तो धोका पत्करून लिहितो. डोंगरावरच्या धोक्यापेक्षा मला हा जास्त वाचनीय वाटतो. वैद्यांनी काटछाट केली हे आपल्याला कळलं कशामुळे? हस्तलिखित टिकलं आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सांभाळलं गेलं म्हणून.

शंकेखोर: हक्क असतो म्हणालास. कुणाला? ज्याला लिहिता येतं त्याला. एव्हरेस्टवर पहिल्यांदा जी दोन माणसं उभी राहिली त्यातल्या तेनसिंगला अनेक भाषा बोलता येत होत्या, लिहिता येत नव्हतं. त्याची कहाणी एका अमेरिकन लेखकाने शब्दांत बसवली. तेनसिंगला निदान तेवढा तरी माणूस मिळाला, त्याच्यासारखे ओझी वाहणारे जे शेकडो होते ते सगळ्या पुस्तकांत मिळून ‘आमचे शेर्पा’ एवढेच उरतात. आणि घरी राहिलेल्यांचं काय? तू धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ फार डोक्यावर घेतोस. मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. गोव्यातल्या सांखवाळचा, फारसं शिक्षण न झालेला तरुण १८९९ साली बुद्धाचा धर्म शोधायला बाहेर पडतो. पुणं, काशी, नेपाळ, बुद्धगया, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो. नेपाळात जातो, जे शोधत होता ते तिथे नाही म्हणून उलट फिरतो. थोर गोष्ट आहे. पण मागे बायको आणि तान्ही मुलगी होती. तिने ती वर्षं कशी काढली याचं निवेदन कुठे आहे? तुझ्या व्याख्येप्रमाणे ‘असं घडलं नाही’ म्हणायचा पहिला हक्क तिचा.

वाचनवेडा: तिचा आहेच, आणि ते पुस्तक नाही हे आपलं नुकसान आहे. पण कोसंबी हे लपवत नाहीत. घर सोडताना मागे कोण होतं ते त्यांनीच सांगितलं म्हणून तू आज त्यांना जाब विचारतोयस. पाली शिकण्यासाठी माणूस काय काय सोसतो, कुठे आजारी पडतो, कुणाच्या दारात उभा राहतो, हे त्यांनी सजवलेलं नाही. मराठीत ज्ञानासाठी केलेल्या प्रवासाचं यापेक्षा सरळ वर्णन मला तरी ठाऊक नाही. डोंगर नाही, वादळ नाही, आणि तरी पुढच्या पानावर याला जेवायला मिळेल का ही धाकधूक राहते.

आणि घरी राहिलेल्या बायकांचं म्हणतोस तर जी निघाली तिच्याकडे बघ, तीही कल्याणचीच. आनंदीबाई जोशी. १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत चढल्या तेव्हा अठरा वर्षांच्या. सोबत नवरा नाही, घरचं कुणी नाही, शाकाहारी, नेसायला लुगडं. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. पुढे फिलाडेल्फियातलं वैद्यकीय शिक्षण, १८८६ मध्ये पदवी, १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात मृत्यू. ध्रुवावर जाणाऱ्याकडे निदान आधीच्या कुणाचा तरी नकाशा असे, यांच्याकडे कुणाचा होता? काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र आणि पत्रं मी साहसाच्या कपाटात पहिल्या फळीवर ठेवीन.

शंकेखोर: आणि लोक वाचतील श्री. ज. जोशींची कादंबरी. आनंदीबाई म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘आनंदी गोपाळ’ येतं, पत्रं उघडणारे किती? पण माझा मुद्दा वेगळा आहे. आनंदीबाई निघाल्या की धाडल्या गेल्या? शिकलंच पाहिजे हा त्यांच्या नवऱ्याचा, गोपाळरावांचा हट्ट किती कडक होता ते सगळ्यांना माहीत आहे. जायचं ठरवलं तेव्हा त्यातलं त्यांचं स्वतःचं किती आणि नवऱ्याचं किती? साहसाला स्वेच्छा लागते असं मानलंस तर तुझी पहिली फळी डळमळते. आणि स्वेच्छा लागत नाही असं मानलंस तर उल्हासनगर त्या फळीवर आलंच पाहिजे.

वाचनवेडा: ही कोंडी चांगली आहे. पण बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत, आपण अमेरिकेला का जातो ते ही मुलगी स्वतः उभी राहून सांगते. तिथे गोपाळराव बोलत नव्हते. माणूस धाडला जातो आणि वाटेत कुठेतरी तो निघालेला होतो. विष्णुभटाचंही तेच झालं, दक्षिणेसाठी निघाला आणि साक्षीदार होऊन परतला. हे नेमकं कुठल्या पानावर घडतं ते शोधण्यासाठी मी ही पुस्तकं वाचतो. जिथे माणूस पहिल्या पानापासून वीर असतो ती मी अर्ध्यात सोडतो.

शंकेखोर: मग नौदलाच्या बोटीचं पुस्तक कसं सोडलं नाहीस? ते तर सरकारी खर्चाने घडलेलं शौर्य.

वाचनवेडा: दिलीप दोंदे म्हणतोस. तो माणूस १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटा निघाला आणि चार बंदरं घेऊन २०१०च्या मे महिन्यात परत आला. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय. त्याच्या ‘द फर्स्ट इंडियन’मध्ये केप हॉर्न आहेच, पण माझा जीव रमतो तो त्याआधीच्या भागात. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतरही ही कल्पना सोडत नाहीत. दोंदे स्वतःहून पुढे येतो, आणि मग बोट नाही, बांधणारा नाही, फायली इकडून तिकडे फिरतायत. शेवटी गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर नावाचा माणूस ती बांधायला घेतो. छप्पन्न फुटांची ‘म्हादेई’, गोव्याच्या नदीचं नाव दिलेली. असली समुद्रप्रदक्षिणेची बोट त्यानेही आधी बांधलेली नव्हती. मला विचारशील तर त्या पुस्तकातलं मोठं धाडस या दांडेकरांचं आहे, आणि दोंदे ते मोकळेपणाने लिहितो. शेर्पांबद्दल तू म्हणालास ते इथे झालं नाही. मागे राहिलेला माणूस पुस्तकात नावानिशी हजर आहे.

आणि खर्च वसूल झाला की नाही हा हिशेबही या वाङ्मयात फार विचित्र लागतो. अ‍ॅप्स्ली चेरी-गॅरार्डचं ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ घे, १९२२ सालचं. १९११च्या ध्रुवीय हिवाळ्यात, चोवीस तासांच्या अंधारात तिघं जण पेंग्विनची अंडी आणायला निघतात. ती अंडी तपासली की पक्ष्यांच्या उत्पत्तीचं कोडं सुटेल असा तेव्हा समज होता. थंडीने दात तडकतात, तंबू उडून जातो, तीन अंडी हाती लागतात. दोघे सोबती पुढे मोहिमेचा म्होरक्या रॉबर्ट स्कॉट याच्याबरोबर मरतात. उरलेला हा एकटा अंडी घेऊन लंडनच्या संग्रहालयात जातो, तर तिथला माणूस पार्सल घेऊन आलेल्या पोऱ्यासारखा त्याला ताटकळत ठेवतो. उत्पत्तीच्या त्या समजातही पुढे काही अर्थ राहिला नाही. आता हे विजयाचं पुस्तक आहे का? वाचलेला माणूस मेलेल्यांचा हिशेब देतोय, आणि आपण का वाचलो हे त्याला उमगत नाही.

शंकेखोर: हे मात्र वाचीन. पण अशी पुस्तकं वाचून जी पोरं पेटतात त्यांचं काय? शनिवारी रात्री शेवटच्या कर्जत लोकलला पाठीवर सॅक लावलेले घोळके बघ. वांगणीला उतरायचं, चिंचवलीतून चंदेरी गडाची वाट धरायची. ऐन पावसात, पायात साधे बूट, कातळावर शेवाळ. कुणी अडकला की त्याला उतरवायला जातात चिंचवलीसारख्या गावांतले लोक आणि जुने गिर्यारोहक. त्यांच्यावर पुस्तक निघत नाही. मलंगगडाच्या वरच्या टप्प्यावरही हेच, मोडलेल्या पायऱ्यांपाशी आल्यावर मुलांना आठवतं की घरी सांगितलेलं नाही.

वाचनवेडा: ती पोरं पुस्तक वाचून जात नाहीत रे, तीस सेकंदांचा व्हिडिओ बघून जातात. त्या व्हिडिओत माथा असतो, वाट नसते. पुस्तकात पानंच्या पानं वाट असते, पाऊस असतो, आणि मागे फिरणं असतं. क्राकाउरच्या पुस्तकाचा गाभा काय? दुपारी अमुक वाजता जिथे असाल तिथून परत फिरायचं असं ठरलेलं होतं, आणि ते ठरवणारा अनुभवी म्होरक्याच चारनंतर शिखरावर उभा होता. तो उतरला नाही. चंदेरीच्या घळीत पाऊस वाढल्यावर हे एखाद्याला आठवलं तर तो खाली येईल. आठवेलच असं मी म्हणत नाही.

शंकेखोर: ठीक. पण तू मूळ जागा टाळतोयस. उल्हासनगर.

वाचनवेडा: टाळत नाही, मला तुझं म्हणणंच पटलेलं नाही. तू म्हणालास, त्यांना पर्याय नव्हता म्हणून ते साहस नव्हे, हाल. सहानुभूती आहे त्यात, पण थोडी तुच्छताही आहे. १९४८च्या जानेवारीत कराचीत दंगल झाल्यावर ज्या बाईने ठरवलं की म्हाताऱ्या सासूला आधी पाठवायचं की मुलांना, दागिने कुठे शिवायचे, कुणावर विश्वास ठेवायचा, तिने निर्णय घेतले. कल्याणच्या बराकीत गोणपाटाचा पडदा लावून संसार मांडला आणि लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकून नवरा उभा राहिला, त्यात हिकमत होती. ध्रुवावरच्या माणसाने तंबू उडाल्यावर दाखवली तर आपण तिला धैर्य म्हणतो. ती सगळी ‘हाल’ या एका शब्दाखाली झाकून तू त्यांचं कर्तृत्वच काढून घेतोयस.

शंकेखोर: आणि तू तिला साहस म्हणालास की ज्यांनी त्यांना हुसकलं ते मोकळे सुटतात. मग वाचणारा म्हणतो, काय थरारक प्रवास! रॉबर्ट स्कॉटला कुणी घराबाहेर काढलं नव्हतं. त्या बाईची गोष्ट हिकमतीची म्हणून सांगायला लागलास की तिला निघावंच का लागलं हा प्रश्न मागे पडतो. मला तिचे हाल हाल म्हणूनच लिहिलेले हवेत.

वाचनवेडा: विष्णुभटाने दोन्ही लिहिलं. लूटही आणि आपण कसे वाचलो तेही. एकामुळे दुसरं पुसलं गेलं नाही.

शंकेखोर: कारण तो लुटला गेलेला पाहुणा होता. त्याचं घर वरसईला शाबूत होतं. झाशीकराने लिहिलं असतं तर ते पुस्तक निराळं झालं असतं. बघ, पोतदारांची प्रत असेल तर दे. वैद्यांचीही दे, कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात नाहीतर बदलापूरच्या ग्रंथसखात मिळेल. शेजारी शेजारी ठेवून बघतो भटजीच्या तोंडचं काय काय गेलंय ते.

वाचनवेडा: देतो. आणि मी बराकीतून आलेल्या कुणा म्हाताऱ्या माणसाकडे वही घेऊन जाईन म्हणतो. आता फार थोडे उरलेत. सिंधीत लिहिलं गेलं असेलही, आपण मराठी वाचणारे तिकडे फिरकत नाही.

शंकेखोर: जा. पण बोटीत काय खाल्लं, दागिने कुठे लपवले, हेच विचारत बसशील. ती बाई एखादी गोष्ट सांगेल आणि म्हणेल, हे छापू नको. मग काय करशील?

वाचनवेडा: नाही छापणार.

शंकेखोर: मग तू वैद्यच झालास. आणि तुझ्या व्याख्येचं काय? जे छापलंच नाही, ते ‘असं घडलं नाही’ म्हणून खोडायला कोण उभं राहणार?

वाचनवेडा: वही ठेवून देईन. पुढच्या कुणासाठी तरी.

शंकेखोर: तिने छापू नको म्हटलेलं असताना?